बैलांनी खाल्लेला रकाना

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरात सगळे म्हणत. वडील राहात्याच्या शाळेत मास्तर होते. राग आला की आधी तांब्याभर पाणी प्यायचं आणि मग बोलायचं, असा उपाय त्यांनी मला लहानपणीच सांगितला होता. मी पाणी प्यायचे आणि मग दुप्पट जोरानं बोलायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या तोंडाचाही वाटा होता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षाची गोष्ट. शेतकीची एम.एस्सी. करून मी नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका शेती संशोधन केंद्रावर साहाय्यक म्हणून लागले होते. काम बाजरीचं. नवी संकरित बाजरी शेतकऱ्यांनी मोठ्या हौसेनं लावली होती आणि तिच्यावर गोसावी पडला होता. गोसावी हे रोगाचं नाव. कणसात दाणा भरायच्या ऐवजी हिरव्या पानांचा गुंता येतो, थेट गोसाव्याच्या जटा. कोणत्या वाणावर हा रोग जास्त येतो आणि कोणत्यावर कमी, हे मला मोजायचं होतं. बारा वाण होते. एकाच जागच्या मातीचा दोष आकड्यांत शिरू नये म्हणून हे बाराही वाण शेताच्या तीन वेगवेगळ्या भागांत पेरले होते. प्रत्येक वाणाच्या चार ओळी, मग एक ओळ मोकळी, मग पुढचा वाण.

याच कामावर मला पीएच.डी.ची नोंदणी हवी होती. केंद्राचे साहेब म्हणाले, "एक हंगाम देतो. भाद्रपद लागला की समिती येईल, प्लॉट बघेल, आकडे बघेल. पटलं तर नोंदणी, नाहीतर जागा दुसऱ्याला." साहेब वाईट नव्हते. बाईमाणूस उन्हात किती दिवस टिकणार, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि तो ते मलाच विचारत.

घरी दुसरी मुदत होती. श्रीगोंद्याकडचं एक स्थळ आलं होतं, उसाची बागाईत, मुलगा शिकलेला. वडील म्हणाले, "दिवाळीपर्यंत नोंदणी झाली तर मी त्यांना थांबा म्हणेन. नाही झाली, तर तू मला नाही म्हणायचं नाहीस." मी पाणी न पिताच हो म्हणाले. म्हणजे माझं पुढचं सगळं आयुष्य त्या बाजरीच्या तुकड्यावर उभं होतं, आणि हे मला आणि वडिलांना सोडून कुणालाच माहीत नव्हतं.

केंद्रावर एकच ज्येष्ठ संशोधक बाई होत्या. खुरपणाऱ्या बायका त्यांना मोठ्या बाई म्हणत आणि मला धाकल्या बाई. मोठ्या बाई पन्नाशीच्या, लग्न न केलेल्या, कडक इस्त्रीच्या सुती पातळातल्या. शनिवारी अर्धा दिवस सुटी झाली की त्या आम्हा चौघींना आपल्या क्वार्टरच्या ओसरीवर बोलवत. मी, माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली एक, किडींच्या विभागातली एक, आणि नगरच्या कॉलेजात शिकवणारी एक, जी एस.टी.नं यायची. आता अशा गोष्टींना योजना म्हणतात, फॉर्म भरावे लागतात, उद्घाटनाला पाहुणे येतात. आमच्याकडे एक सतरंजी होती आणि आल्याचा चहा.

बाईंचे काही नियम होते. सभेत दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं नाही. चहाची किटली आली तरी ओतायला उठायचं नाही, ज्याला तहान लागेल तो ओतेल. साहेबांशी बोलताना माफीनं सुरुवात करायची नाही. आकडे शाईनं लिहायचे, पेन्सिल चालणार नाही. आकडा चुकला तर खोडायचा नाही, त्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येईल, आणि ज्यानं चूक केली त्यानं शेजारी सही करायची. "खोडरबर ही शाळेतली वस्तू आहे," त्या म्हणत.

आणि दर शनिवारी प्रत्येकीनं आठवड्यातली एक चूक सांगायची. फक्त चूक. कारण सांगायला लागलं की बाई हात वर करत. "कारणं साहेबांसाठी ठेवा. इथं चूक सांगा." मला हा प्रकार सुरुवातीला अजिबात आवडला नव्हता. एक तर उन्हातान्हात काम करा, वर ओसरीवर बसून कबुलीजबाब द्या. पण हळूहळू कळलं, की आठवडाभर पोटात घेऊन फिरलेली गोष्ट चहाबरोबर बाहेर पडली की रविवार हलका जातो.

श्रावण सरत आला. कणसं बाहेर पडू लागली आणि गोसावी दिसायला लागला. पहिल्या मोजणीत जी रोपं रोगट निघाली होती त्यांना मी लाल दोरा बांधला होता, म्हणजे शेवटच्या मोजणीला ती चटकन सापडतील. शेवटची मोजणी पोळ्यानंतरच्या शनिवार-रविवारी करायची आणि सोमवारी समिती. सगळं बेतात बसलं होतं. पोळ्याला दोन दिवस मी राहात्याला घरी गेले. आईनं पुरणपोळ्या केल्या. वडील श्रीगोंद्याचा विषय काढत नव्हते, पण त्यांच्या न बोलण्यातही श्रीगोंदाच होतं.

शनिवारी सकाळी परतले ती सरळ प्लॉटवर. आणि पाहते तर प्लॉट स्वच्छ. इतका स्वच्छ की चित्रात काढावा. एकही पिवळं पान नाही, एकही जट नाही, एकही लाल दोरा नाही. माझा रोग कुणीतरी उपटून टाकला होता.

साहेबांनी समितीसाठी सगळं प्रक्षेत्र टापटीप करायला सांगितलं होतं, म्हणून खुरपणाऱ्या बायका माझ्या तुकड्यातही गेल्या होत्या. त्यांच्यातली वयानं मोठी होती आक्का. हाडापेरानं मजबूत, कपाळावर गोंदण, आणि बोलायला लागली की बांधापलीकडे ऐकू जाईल असा आवाज. ती हसत पुढे आली. "बघा, कसं लख्ख केलं! समदे गोसावी काढलं. तुमी दोरा बांधून ठेवल्यालं म्हनून सोपं गेलं. आता सायब लोक येऊंद्या न्हाईतर त्येंचा बाप येऊंद्या, धाकल्या बाईच्या रानाला कोन नाव ठिवतंय ते बघू."

मी तिला काय काय बोलले ते लिहायलाही आज लाज वाटते. अक्कल गहाण टाकली होती का, हे त्यातलं सर्वांत सौम्य वाक्य. माझ्या आईच्या वयाची बाई, हातात खुरपं घेऊन उभी. तिचं हसू जागच्या जागी थांबलं. ती एवढंच म्हणाली, "रोगट रोप रानात ठिवत न्हाईत, बाई. आमाला आयनं हेच शिकीवलं." आणि पदर खोचून निघून गेली. बाकीच्या बायका तिच्या मागून.

मी बांधावर बसले. ढीग पडले होते तिथं, सुकत चाललेल्या रोपांचे, पण मला तेव्हा ते दिसूनही दिसले नाहीत. मी दिवाळी मोजत होते.

दुपारी ओसरीवर गेले ती फुरफुरतच. माझी पाळी यायच्या आधीच मी म्हणाले, "बायकांनी माझी रोगट रोपं उपटून टाकली. सगळी."

मोठ्या बाई म्हणाल्या, "ही त्यांची चूक झाली. तुझी सांग."

"माझी काय चूक? मी तर गावाला गेले होते!"

त्यांनी हात वर केला. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला, अगदी मनापासून आला. बाकीच्या तिघी सतरंजीचे दोरे ओढत बसल्या. चहा निवला.

मग बाईंनी विचारलं, "जूनपासून त्या बायकांबरोबर बांधावर बसून भाकरी खातेस ना?"

"खाते."

"काय बोलता?"

मी आठवू लागले. आक्काच्या नातवाचा ताप, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, ठेच्यात मिरची किती. त्यांनी मला त्यांचं सगळं सांगितलं होतं. आणि मी हे शेत कशाला पेरलंय हे एकदाही सांगितलं नव्हतं. त्यांना कळणार नाही, असं मी मनात धरून चालले होते. मला जमणार नाही, असं साहेब धरून चालले होते, तसंच.

"मी त्यांना सांगितलं नाही," मी म्हणाले. हे बोलताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं नव्हतं.

"मग आता जाऊन सांग. आणि माफी माग."

"माफी मागायची नाही म्हणालात."

"ते साहेबांपुरतं होतं."

केंद्रामागच्या वस्तीवर आक्काचं घर होतं. ती दारात शेळीला पाला टाकत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी उभ्याउभ्याच माफी मागितली आणि मग तिच्या अंगणात काडीनं शेत काढून दाखवलं. हे तीन भाग, हे बारा वाण. नुसती निरोगी रोपं मला नको होती, त्यांच्यात आजारी किती ते हवं होतं. कोणत्या वाणाला गोसावी कमी धरतो हे कळलं तर पुढच्या वर्षी तेच बी शेतकऱ्यांना देता येईल. आणि हे नाही झालं, तर दिवाळीनंतर मी श्रीगोंद्याला भाकऱ्या थापीन, हेही सांगितलं. ते मी ओसरीवरही सांगितलं नव्हतं.

आक्कानं पाला खाली ठेवला. "आगं बया! मंजी आमी तुमची पिकाची कनसंच कापली की. आदी सांगायचं न्हाई व्हय?" मग ती म्हणाली, "पर आमी पातीनं काडल्यात. ढीग हायेत की बांधाला."

खुरपायला बसताना प्रत्येक बाई आपली पात धरते, म्हणजे आपल्या वाट्याच्या ओळी. दोन मोकळ्या ओळींमधल्या चार ओळी, म्हणजे माझा एक वाण, ही त्यांनी आपोआपच एक पात धरली होती. आणि कुणी किती काम केलं हे मुकादमाला दिसावं म्हणून प्रत्येकीनं उपटलेलं आपल्या पातीच्या तोंडाशीच टाकायचं, दुसरीच्या ढिगात मिसळायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. म्हणजे माझा रोग बांधावर वाणावार मांडून ठेवलेला होता, आणि मी त्याच्या शेजारी बसून कपाळाला हात लावला होता.

रविवारी सकाळी आक्का सगळ्या बायकांना घेऊन आली. आधी त्यांनी कोणती पात कुणाची ते सांगितलं, त्यावरून दोनदा भांडल्याही. मग मोजायला लागलो. आक्का विसांत मोजायची. "दोन इसा नि चार," ती ओरडायची, मी शाईनं चव्वेचाळीस लिहायचे. मग शंभरात आजारी किती ते काढता यावं म्हणून ओळीतली उभी, निरोगी रोपं मोजायची. पहिला भाग झाला. दुसरा झाला. तिसऱ्या भागाच्या बांधावर गेलो तर तिथं काहीच नव्हतं.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी आक्काच म्हणाली, "त्ये ढीग पोळ्याला बैलांस्नी घातलं. सनाचा दिवस, हिरवा चारा, म्हनलं खाऊंद्या."

केंद्राची खिल्लारी जोडी होती, घोडेगावच्या बाजारातून आणलेली, साहेबांची फार लाडकी. माझा तिसरा भाग त्यांच्या पोटात गेला होता. मला राग यायला हवा होता. पण मी हसायला लागले, आणि मग सगळ्याच हसल्या.

सोमवारी सकाळी साहेबांनी वही पाहिली. तिसऱ्या भागाचा रकाना मोकळा. "अहो, हा असा कसा दाखवणार? पहिल्या दोन भागांची सरासरी काढा आणि टाका. थोडं इकडंतिकडं करा, म्हणजे खरं वाटेल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय." त्यांच्या आवाजात खरंच काळजी होती, म्हणून जास्त कठीण गेलं. बारा आकडे तर होते. रात्रभर डोळ्यांपुढे श्रीगोंद्याचा ऊस हलत होता, आणि हे बारा आकडे लिहायला मला पाच मिनिटं लागली नसती. मी पेन उघडलंही होतं.

पण शाईत लिहिलेलं खोडता येत नाही. आणि शनिवारी ओसरीवर जाऊन आठवड्यातली चूक म्हणून मी काय सांगणार होते? मी टोपण लावलं आणि रकाना तसाच ठेवला.

समितीत चौघे होते. साहेब, मोठ्या बाई, आणखी एक अधिकारी आणि पुण्याहून आलेले एक वयस्कर गृहस्थ, जाड भिंगाचे. शिपायानं किटली आणून ठेवली. साहेबांनी सवयीनं आमच्या दोघींकडे पाहिलं. मोठ्या बाई कागद वाचत राहिल्या. मीही जागची हलले नाही. शेवटी साहेबांनीच चहा ओतला, बशीत जरा सांडला.

भिंगवाल्यांनी विचारलं, "तिसरा भाग कुठंय?"

"बैलांनी खाल्ला," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही. मग सगळं सांगितलं. लाल दोरा, न सांगणं, पाती, ढीग. साहेबांनी मान खाली घातली. मला वाटत होतं मोठ्या बाई आता माझ्यासाठी दोन शब्द बोलतील. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, "तू बरं बोलत होतीस की."

भिंगवाले स्वतः उठून बांधावर गेले. आक्काला बोलावून घेतलं, एक ढीग तिच्याबरोबर पुन्हा मोजला. विसांत मोजणं त्यांनाही येत होतं. निर्णय असा झाला, की नोंदणी तात्पुरती द्यावी, पुढच्या खरिपात प्रयोग पुन्हा करावा, तो झाला नाही तर नोंदणी रद्द.

वडिलांनी तो कागद दोनदा वाचला. "तात्पुरती म्हणजे झाली की नाही झाली?" मी म्हटलं, "झाली." त्यांनी श्रीगोंद्याला पत्र टाकलं, मुलीचं शिक्षण चालू आहे, थांबणं जमत असेल तर थांबावं. ते थांबले नाहीत. आईला दोन दिवस जेवण गेलं नाही. मला गेलं.

पुढच्या खरिपात पेरलं, पण उगवायला पाणीच नव्हतं. आभाळ येई आणि जाई. विहिरीचा तळ दिसू लागला, प्रयोगाची बाजरी बोटभर वर येऊन करपली. आक्का आणि तिच्या पातीच्या बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या. मी तिथं आक्काला भेटायला जायचे. हाताला फडकी गुंडाळून ती दगडावर हातोडा मारायची आणि विचारायची, "बाई, तुमच्या परीक्षेचं काय झालं?" तिच्या घरात दाणा नव्हता आणि तिला माझ्या परीक्षेची पडली होती.

समिती पुन्हा बसली. माझ्या हातात नवं काहीच नव्हतं, जुनेच दोन रकाने होते. अट सरळ होती, प्रयोग झालेला नव्हता. या वेळी मात्र मोठ्या बाई बोलल्या. पाऊस हिच्या हातात नव्हता, आणि दोन भागांवरही निष्कर्ष निघतो, एवढंच, शांतपणे. अधिकारी नाही म्हणत होते. मग भिंगवाल्यांनी जुनी वही मागून घेतली आणि त्या मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं. "हा भरणं किती सोपं होतं. ज्या मुलीनं तो भरला नाही, तिचे बाकीचे दोन मी डोळे मिटून घेईन." साहेब म्हणाले, "मीच तिला भरायला सांगितला होता." आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी सही केली.

पुढे प्रबंध झाला. टंकलेखन करणाऱ्यानं तिसऱ्या रकान्यात रेघा मारून ठेवल्या होत्या, त्या मी काढायला लावल्या. बांधून आलेली पहिली प्रत घेऊन मी मोठ्या बाईंकडे न जाता आधी वस्तीवर गेले. आक्कानं लुगड्याला हात पुसले आणि पानं उलटली.

"ह्यात आमी कुटं हाय?"

मी तक्ता काढून दाखवला. हे दोन भरलेले रकाने, हे तुम्ही मोजलेले. आणि हा मोकळा.

"मंजी आमची चूक बी छापली व्हय?"

"तुमची नाही, माझी. आमच्यात रीत आहे, चूक झाली की खोडायची नाही, शेजारी सही करायची." आणि मी त्या मोकळ्या रकान्याच्या कडेला सही केली.

आक्का म्हणाली, "एकट्या तुमची कशी? दोरा तुमी बांधला, उपाटलं म्या. मंग माझी बी लागंल की." घरात शाई नव्हती. तिनं चुलीतलं कोळशाचं खांड घेतलं, तव्याच्या पाठीवर पाण्यात उगाळलं, त्यात अंगठा बुडवला आणि माझ्या सहीखाली, बैलांनी खाल्लेल्या जागेत, नीट दाबून उमटवला.

विद्यापीठात जमा करायला मी दुसरी प्रत बांधून घेतली. ही अंगठ्याची माझ्याकडे आहे. पुढे मी निवृत्त होईपर्यंत हाताखाली बऱ्याच मुली आल्या, आणि प्रत्येकीला पहिल्या शनिवारी मी हेच पान उघडून दिलं.